थांबली की रुसणारी गाडी

लग्नाच्या वयात मी लग्न केलं नाही आणि गाडीच्या वयात गाडी घेतली नाही. दोन्हींची वयं उलटून गेल्यावर गाडी तेवढी घेतली, तीही वापरलेली. लातुरात आमच्या गल्लीत ही बातमी पसरवायला मला तोंड उघडावं लागलं नाही. पांढरी, बुटकी, पेट्रोलवर चालणारी, डाव्या दारावर लांबलचक ओरखडा असलेली ती गाडी मी स्वतः चालवत गल्लीत घातली, तेव्हा माझ्याकडे ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या दोन बायका दारातच उभ्या होत्या. त्यांची मापं घ्यायची होती, पण मी आधी हॉर्न वाजवून घेतला. मग पुन्हा एकदा वाजवला. त्या दिवशी आनंदाच्या भरात मी एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

मिरवायला गाडी नको होती असं मी म्हणणार नाही. हवीच होती. पण खरं कारण अप्पा, म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून आम्ही दोघंच राहतो. अप्पांचं आयुष्य आडत दुकानात, तुरीच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांत गेलं. दुकान बंद केल्यावर ते घरी बसले, आणि मग म्हातारपणी पुरुषांना होतो तो लघवीचा त्रास सुरू झाला. फार काही गंभीर नाही, असं डॉक्टर म्हणाले. गोळी चालू आहे. फक्त घटकेघटकेला जावं लागतं, आणि लागली की धीर निघत नाही.

हिमायतनगरला अप्पांची थोरली बहीण असते. अप्पा तिला अक्का म्हणतात. अप्पा पाळण्यात असताना त्यांची आई वारली आणि अक्कांनी त्यांना वाढवलं, तेव्हा अक्का स्वतःच फ्रॉकमध्ये होत्या. अप्पा दर वर्षी तिला भेटायला जायचे. शेवटचे गेले ते बसने. ड्रायव्हर बिचारा भला, दोनदा त्याने बस थांबवली. तिसऱ्या वेळी मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याला नळ बसवा की रे!" आणि सगळी बस हसली. अप्पा लोह्याला पिशवी घेऊन उतरले आणि परतीच्या बसने, मध्ये दोन ठिकाणी बस बदलत, घरी आले. आल्यावर पाय धुतले आणि म्हणाले, "आता मला कुठं जायचं न्हाई." तेव्हापासून ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या महादेवाच्या देवळापलीकडे गेले नव्हते. अक्कांचे गुडघे गेलेले, त्यांना येणं शक्य नाही. फोनवर त्या विचारायच्या, "मी मेल्यावर येनार का रे?" अप्पा फोन माझ्या हातात द्यायचे आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

म्हणून मला अशी गाडी हवी होती, जी अप्पा म्हणतील तिथे थांबेल. बाकी तिला एसी आहे की नाही, खिडक्या बटणाने उघडतात की दांडी फिरवून, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

गाडी मिळाली नांदेडला. जुन्या वस्तीत एका बांगड्यांच्या व्यापाऱ्याची होती. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणाले. चाचांनी गाडी दाखवायच्या आधी चहा पाजला, चहा झाल्यावर चाचींनी हातात काचेच्या हिरव्या बांगड्या भरल्या आणि मगच चाचांनी गाडीवरची चादर काढली. बॉनेटवर हात फिरवत ते म्हणाले, "बेटी, गाडी शरीफ हाय. तुम्ही हिला नीट ठेवा, ही तुम्हाला नीट ठेवंल. हा ओरखडा माझ्या दामादचा, गाडीचा कसूर न्हाई." ड्रायव्हिंग क्लासच्या मास्तरांना शेजारी बसवून मी ती लातूरपर्यंत आणली. अहमदपूरच्या पुढे मास्तर झोपले, तो मी माझ्या चालवण्याचा गौरव समजते.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. अप्पा आंघोळ, विभूती, पूजा आटोपून हातात तांब्याचं पंचपात्र घेऊन बाहेर आले. मी हळदकुंकवाचं ताट आणि हार तयार ठेवला होता. अप्पांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"हिचं काम कुटून चालतं?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"दुकानात मी काट्याची पूजा कशी करायचो? पारड्यांना नुसतं कुंकू. तीर्थ कुठं? मधल्या खिळीवर. जितनं काम चालतं तितं तीर्थ द्यावं. नुस्तं कपाळाला बोट लावून काय उपेग?"

मला ही भारी गोष्ट वाटली. खरंच भारी वाटली. क्लासमध्ये शिकलेलं ताजं होतं, ते दाखवायची हौसही होती. मी बॉनेट उचललं, दांडी लावली आणि बोट दाखवून म्हणाले, "अप्पा, ही बॅटरी. इथून गाडी सुरू होते. ही नसली तर बाकीचं सगळं भंगार." अप्पांनी मान डोलावली. बॅटरीला भस्माचे तीन पट्टे ओढले, बेलाचं पान ठेवलं, आणि नारळाचं पाणी, साखर घातलेलं तीर्थ पळीपळीने सोडलं. वर मी म्हणते कशी, "अजून एक पळी घाला अप्पा, लांबचा प्रवास आहे." त्या दिवसापासून दर सोमवारी हा कार्यक्रम ठरला. मी मशीनवर बसलेली असले की अप्पा नुसतं "माय, झाकण" म्हणायचे. मी उठून बॉनेट उघडून द्यायचे आणि पुन्हा शिवायला बसायचे.

ते पहिले आठवडे काय सांगू! रविवार आला की मी गाडीला लागायचे. लातूरकर माणूस पाणी वाया घालवत नाही, ते आमच्या हाडात मुरलंय, त्यामुळे अख्खी गाडी एका बादलीत धुवायची. आधी काचा, मग छत, मग दारं आणि उरलेल्या गढूळ पाण्यात चाकं. ऑइलची कांडी बाहेर काढायची, जुन्या परकराच्या फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालून बाहेर काढायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की जीव थंड व्हायचा. पोराचा ताप उतरला की आयांना होतं तसं मला व्हायचं. वायपरचं रबर मी स्वतः बदललं. पुढच्या डाव्या दिव्याचा बल्ब घालताना मनगट सोलून निघालं, पण बल्ब लागला तेव्हा मी भर दुपारी भिंतीवर उजेड पाडून गल्लीला दाखवला. शिवणाच्या कात्रीशेजारी आता पाने आणि पक्कड राहायला आले. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, "ताई, तुम्ही आता ब्लाउजला ग्रीस लावणार का?" मी म्हणायचे, "तुमच्या हुकांना गरजच आहे."

मग मुरुडला जायचं ठरलं. हिमायतनगर लांब, आधी जवळची रंगीत तालीम करावी म्हणून. मुरुडला अप्पांच्या ओळखीचे एक जुने व्यापारी आहेत, त्यांच्याकडे चहा घ्यायचा आणि परत यायचं. अप्पा तयार होईनात. मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही म्हणाल तिथं थांबते. माझ्या शेजारी फक्त तुम्ही. हसायला कोणी नाही." ते पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून परीक्षेला बसल्यासारखे बसून राहिले. निम्म्या वाटेवर हळूच म्हणाले, "माय, जरा."

मी गाडी बाजूला घेतली. कडेला उसाचं शेत होतं. अप्पा गेले, आले, पुन्हा पट्टा लावला. चेहऱ्यावर काय सुटका होती! मी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. समोरचे दिवे फिकट होऊन विझल्यासारखे झाले, इंजिन मात्र ढिम्म. मी किल्ली फिरवत राहिले, ती टक् टक् करत राहिली, आणि अप्पा समोर काचेकडे बघत बसले. शेवटी रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी धक्का मारला तेव्हा गाडी भस्सकन सुरू झाली. मुरुड राहिलं. मी तिथूनच वळवली. दारात उतरताना अप्पा म्हणाले, "माज्यासाठी थांबली आन् बंद पडली. माज्या पायगुणाला गाडी सुदा भ्याली." मी काहीतरी बोलायला गेले, तर ते आत निघून गेले. तो सबंध आठवडा मी स्वतःवर आणि गाडीवर चिडलेली होते.

सगळ्यात जास्त चिडले होते चाचांवर. माझा राग म्हणजे दूध, जरा आच लागली की उतू जातं. मी फोन लावला आणि सलाम-दुआ न करता सुरू झाले. म्हाताऱ्या माणसाला न्यायला गाडी घेतली, तुम्ही रोगट गाडी गळ्यात मारली, गरम झाली की सुरू होत नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का, चादर घालून काय झाकलं होतं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेटी, माझ्याकडं ही गाडी कवा अशी रुसली न्हाई. जुबान देऊन विकलीय. तुम्हाला वाटत असंल मी फसवलं, तर आणून उभी करा. घेतो परत." मी "बघते" म्हणून फोन ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली हे मला नंतर कळलं, तेव्हा मात्र मला मी फार खमकी वाटत होते.

गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने बॅटरी मीटर लावून तपासली, उत्तम. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर, काढून बघितली, उत्तम. किल्ली फिरवली की गाडी शहाण्या मुलीसारखी सुरू. कारण तिथे ती सकाळपासून उभी, गार. "ताई, किल्ली जोरात फिरवत नसाल तुम्ही," मिस्त्री म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो हातातला पाना शोधायला लागला.

घरी येऊन मी ठरवलं, आता हिला मीच बघते. वीस-पंचवीस वर्षं शिवणयंत्र चालवलंय, कधी मिस्त्री बोलावला नाही. दोरा तुटला की नवख्या बायका सुई बदलतात, रीळ बदलतात, देवाला नवस बोलतात. मी सुईपासून मागे मागे जाते. सुई, मग दोऱ्याचा आकडा, मग ताणाची चकती, मग रीळ. जिथे दोरा अडतो तिथे रोग. इथे दोऱ्याच्या जागी वीज होती, एवढाच फरक. गाडी गरम करायला म्हणून मी रिंगरोडला दोन चकरा मारून यायचे, दारात बंद करायचे आणि लगेच किल्ली फिरवायचे. टक्. कधी टक्, कधी कुरकुरत सुरू. बॉनेट उघडून मी वाकून ऐकायचे. गल्लीतल्या बायकांना वाटायचं, मी गाडीशी बोलते. अधूनमधून बोलतही होते, पण ते लिहिण्यासारखं नाही.

अप्पा ओट्यावरून बघायचे. या सगळ्या काळात त्यांनी सोमवार चुकवला नाही. उलट गाडी रुसल्यापासून तीर्थाच्या पळ्या वाढल्या. "सोमवारचं तरी हिला समाधान असू दे," म्हणायचे.

रोज संध्याकाळी मी मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ बघायचे. एकात एक मिशीवाले गृहस्थ सांगत होते, की बॅटरीच्या लाल वायरीने वीज जाते तसं काळ्या वायरीने ती परत यायला हवी, आणि परतीची वाट बिघडली की बॅटरी कितीही ताजी असू दे, सेल्फ नुसता टक् टक् करतो. गार असताना जेमतेम भागतं. गरम इंजिनाला जास्त जोर लागतो, तेव्हा पुरत नाही. खरं-खोटं करायचं असेल तर एक जाड जंपर वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या काळ्या बाजूला लावा, दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. मी जागच्या जागी उभी राहिले. माझी सुईपासून मागे जायची वाट नेमकी इथपर्यंत येऊन थांबली होती! मी लाल बाजूच बघत होते. परतीच्या वाटेचा विचारच मनात आला नव्हता.

सकाळ होताच शेजारच्या रिक्षावाल्या भाऊंकडून जंपर वायर मागून आणली. रिंगरोडला चकरा मारल्या, दारात गाडी बंद केली. किल्ली फिरवली, टक्. फार छान, म्हणाले मी, आज तू टक् कर, मला तेच हवंय. पुढे येऊन वायर लावली, इकडे बॅटरी, तिकडे इंजिनाचा एक जाडजूड नट. आत बसले, किल्ली फिरवली.

घुर्रर्र. पहिल्या झटक्यात!

मी गाडीतून उडी मारून बाहेर आले आणि ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण शेजारची बाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली आणि रिक्षावाले भाऊ दाढीला साबण लावलेले तसेच. पुन्हा बंद केली, पुन्हा किल्ली. घुर्रर्र. वायर काढली. टक्. वायर लावली. घुर्रर्र. मी सगळ्यांना हे तीन-तीनदा करून दाखवलं. भाऊ म्हणाले, "ताई, आता पुरे, पेट्रोल संपंल." माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं आणि मी हसत होते. अप्पाही ओट्यावरून उठून आले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले.

मग मी वाकून काळ्या वायरीचा माग घेतला. बॅटरीच्या कडेने ती खाली उतरत होती आणि गाडीच्या लोखंडाला एका बोल्टने आवळलेली होती. तो बोल्ट दिसतच नव्हता. त्याच्यावर पांढरी-हिरवी खरड चढली होती, चुना लावल्यासारखी, भुसभुशीत आणि चिकट. मी नखाने खरवडली. वास आला. ओळखीचा, गोडूस, आंबट. खोबऱ्याचा. आणि खरडीत वाळून चिकटलेलं एक पान होतं, त्रिदळ.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सोमवारचं तीर्थ बॅटरीवरून ओघळत नेमकं त्या बोल्टवर थेंबथेंब साचत होतं, आणि गाडी नीट चालावी म्हणून आम्ही पळ्या वाढवत होतो. अप्पांसाठी घेतलेली गाडी अप्पांच्याच हाताने आजारी पडली होती, आणि बोट मी दाखवलं होतं. मी पान मुठीत झाकलं.

"काय लपवायलीस?" अप्पा म्हणाले. "दाव."

मी मूठ उघडली. अप्पांनी पान हातात घेतलं, उलटसुलट बघितलं, मग पुढे वाकून त्या बोल्टकडे बघितलं. मला वाटलं, आता हे खचणार. आधीच स्वतःला वाईट पायगुणाचे समजतात, आता तर पुरावाच मिळाला. मग अप्पा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "म्हंजे हिला माजा पायगुण बादला न्हाई. साखर बादली."

"हाव, अप्पा."

"आन् दुकानात काट्याची खिळी दोन-चार वर्साला गंजायची. मी लातूरच्या हवेला शिव्या द्यायलोतो." एवढं बोलून ते हसायला लागले. असे हसले की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. मीही हसायला लागले, पीठवाली बाई हसायला लागली, भाऊंच्या दाढीचा साबण वाळून गेला. हसण्याच्या मध्येच अप्पांना जायची घाई झाली आणि ते हसत हसत आत पळाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना त्या कारणाने हसत जाताना बघितलं.

पुढचं काम आम्ही दोघांनी केलं. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची काळी वायर आधी सोडवली. गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून त्या खरडीवर घातला, तशी ती फसफसून वर आली. अप्पा लहान मुलासारखे बघत होते. मी सँडपेपर घेतला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "मी गंजवलंय, मीच घासतो." लोखंड चकचकीत होईपर्यंत ते घासत राहिले, मग कोरडं पुसलं. बोल्ट आवळला, वरून ग्रीसचा थर दिला. रिंगरोडला दोन चकरा मारून आले, दारात बंद केली, किल्ली अप्पांच्या हातात दिली.

"मी?"

"तुम्हीच."

अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीची किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली आणि ते दचकून मागे सरकले. पूजेचं म्हणाल तर आता सोमवारी स्टिअरिंगला कोरडी विभूती लागते. तीर्थ अप्पा स्वतः पितात.

चाचांना मी त्याच दिवशी फोन केला. या वेळी आधी सलाम केला. झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. चाचा हसले, मग गंभीर होऊन म्हणाले, "बेटी, त्या दिवशी मी जेवलो न्हाई. लोक काय म्हंतील याचं न्हाई, तुम्ही काय समजाल याचं वाईट वाटलं." मला फार लाज वाटली आणि मी तसं म्हणालेही. "आता अब्बांना घेऊन निघा," ते म्हणाले. "वाटेत नांदेड हाय. चहा पिल्याशिवाय फुडं जाऊ देनार न्हाई."

शनिवारी आम्ही निघालो. मी आदल्या दिवशीच ऑइल, पाणी, हवा, सगळं दोन-दोनदा तपासलं होतं, तरी निघताना पुन्हा एकदा बॉनेट उघडून बघितलं. अप्पांनी धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि अक्कांसाठी लातूरची तूरडाळ घेतली. अक्कांना कळवलं नव्हतं. अप्पा म्हणाले, "पोचलो तर सांगू."

चाकूरच्या अलीकडे पहिलं "माय, जरा" आलं. आवाज अगदी खाली. मी गाडी घेतली बाजूला. ते उतरले, आणि ते परत येईपर्यंत मी किल्ली धरून बसले. अप्पा आत बसले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. किल्ली फिरवली. सुरू! मी "हाँ!" असं इतक्या जोरात म्हणाले की शेजारून जाणारा मोटारसायकलवाला डगमगला. अहमदपूरच्या पुढे पुन्हा थांबलो. सुरू. लोह्याच्या आधी थांबलो. सुरू. लोह्याच्या स्टँडसमोरून गाडी जाताना अप्पा दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते. नांदेडला चाचांकडे चहा झाला, चाचांनी बॉनेट उघडायला लावून तो बोल्ट बघितला आणि "वा" म्हणाले. अप्पा म्हणाले, "मी घासलाय."

नांदेड सोडलं तसे अप्पा बदलले. आवाज मोठा झाला. आता "माय, जरा" नव्हतं, "थांबव" होतं. एकदा तर एका वळणावर म्हणाले, "इतं नको, फुडं लिंबाची सावली हाय, तितं थांबव." माझी थट्टा सुरू झाली, भोकरच्या आसपासच्या शेतांना नावं ठेवणं सुरू झालं, हे कापूस वेचायला उशीर करतात, ते सोयाबीन ओलं विकतात. इतकं बोलताना मी त्यांना फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

भोकर मागे पडलं. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूला कापूस.

"थांबव," अप्पा म्हणाले.

मी थांबवली आणि इंजिन बंद केलं. अप्पा उतरले. शेताकडे गेले नाहीत. गाडीच्या पुढे जाऊन, हात मागे बांधून उभे राहिले. एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा गाडीकडे. एक बस जोरात हॉर्न देत निघून गेली, तिच्याकडेही निवांत बघितलं. मग परत येऊन बसले, पट्टा लावला.

मला काळजी वाटली. "काय झालं, अप्पा? होत नाही का? त्रास होतोय?"

"न्हाई गं. लागलीच नव्हती."

"मग?"

अप्पा समोर बघत होते. तोंडावर हसू दाबलेलं होतं, पण डोळे भरले होते.

"उगंच," ते म्हणाले. "माज्या मनानं थांबवली. चल आता, अक्काला फोन लाव. सांग, यायलो."